हा कोड कोणालाही सांगू नका

मी बोलतोय. वर बघू नका, वर नुसता पंखा आहे. या लॅबमध्ये कसलाही प्रश्न पडला की माणसं वर बघतात, त्याचं कारण पुढे येईलच. मी इथे आहे, खाली. बटणांचा फोन. पाठ जरा फुगलेली, पाचाचं बटण कायमचं बसलेलं, आणि कानात प्लास्टर. इतकी वर्षं लोक माझ्यातून बोलले. आज मी बोलणार आहे, मध्ये तोंड घालू नका.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. मोठा कारखाना, सरकता पट्टा, त्यावर माझ्यासारखीच असंख्य भावंडं. मजबुती तपासायला आम्हाला उंचावरून फरशीवर टाकत. बाकीची निमूटपणे पडली. मी पडलो तो उसळी मारून थेट तपासनिसाच्या चहाच्या कपात जाऊन बसलो, आणि चहात बुडूनसुद्धा वाजत राहिलो. त्याने मला बाहेर काढलं, झटकलं आणि वर उरलेला चहाही पिऊन टाकला. खोटं वाटतंय? वाटू दे. खरं सांगितलेलं तरी या लॅबमध्ये कोणी कुठे ऐकलंय.

दुकानातून मला घेतलं ते एका लठ्ठ, हसऱ्या माणसाने. तो तेव्हा कवळ्या बनवण्याची लॅब काढत होता. डॉक्टर दात काढतात, आणि ज्यांचे काढले त्यांना नवे करून द्यायचे हा याचा धंदा. सगळे त्याला मालक म्हणतात. एकटी त्याची थोरली बहीण, ताई, त्याला टिल्लू म्हणते. लहानपणी अगदी मूठभर होता म्हणे. आता तो दारातून आत शिरला की खोलीतला उजेड कमी होतो, पण ताईच्या लेखी अजून टिल्लूच.

पहिली काही वर्षं माझी मोठी ऐट होती. मालकाच्या शर्टाच्या वरच्या खिशात मुक्काम. लॅबच्या पाटीवर माझा नंबर, कार्डावर माझा नंबर, पोचवायच्या डब्यांवरसुद्धा माझाच नंबर. मग मालकाने काचेचा, बोटाने सरकवायचा फोन घेतला आणि मला सुतळी बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. बरोबर प्लास्टरच्या कट्ट्याच्या वर. सुतळी कुजली, आणि एक दिवस मी खाली कालवलेल्या प्लास्टरच्या घमेल्यात पडलो. कोणाचंही लक्ष नाही. प्लास्टर घट्ट झालं. मी त्या पांढऱ्या दगडाच्या पोटात, आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला. दगड वाजायला लागला. कट्ट्यावर काम करणारे प्लास्टरकाका हातातलं टाकून रस्त्यापर्यंत पळाले. शेवटी हातोडीने मला फोडून काढलं आणि नव्या सुतळीने पुन्हा त्याच खिळ्याला टांगलं. पाचाचं बटण तेव्हाच गेलं.

तर असा मी. आता क्लाउडचं सांगतो, कारण खरा ताप तिथून सुरू झाला.

आधी या लॅबमध्ये भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर जबडेच जबडे. ज्याचे दात करायचे त्याच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा. नवीन माणूस आत आला की त्याला वाटायचं, सगळी भिंत आपल्याला हसतेय. मग नवं तंत्र आलं. डॉक्टर तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवतात, दातांचं चित्र तयार होतं, ते इथल्या संगणकावर येतं, आणि डिझाइनवाली त्यावरून नवे दात बेतते. साचे नकोत, फळ्या नकोत. मालकाने एका मोठ्या कंपनीकडे क्लाउडवर जागा घेतली आणि फळ्या भंगारात काढल्या.

"आता सगळं वर!" असं म्हणून त्याने बोट छताकडे केलं. सगळ्यांनी वर बघितलं. वर पंखा.

"आणि तिथे कोणी हात घातला तर?" काकांनी विचारलं.

"काका, ती केवढी मोठी कंपनी! त्यांच्याकडे पहारेकरी, कुलपं, कॅमेरे. वीज गेली तर दुसरी वीज, ती गेली तर तिसरी. ते बघतील सगळं. आपण फक्त दात करायचे."

हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की माझ्या तारांवर कोरलं गेलं. ते बघतील. लॅबचं दार रोज संध्याकाळी हाच माणूस तीनतीनदा ओढून बघायचा. बाहेर पडल्यावर परत येऊन एकदा बघायचा. पण वरच्या दाराला त्याने कधी हातसुद्धा लावला नाही, कारण ते वर होतं.

त्या वरच्या जागेचं खातं एकच. पासवर्डही सगळ्यांत मिळून एकच: लॅबचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कंपनीने निदान एवढं केलं होतं की कोणी आत शिरू लागलं की एक कोड पाठवायचा, आणि तो टाकल्याशिवाय दार उघडायचं नाही. कोड कुठे पाठवायचा? पाटीवरच्या नंबरावर. म्हणजे माझ्याकडे.

मला वाटलं, चला, उतारवयात मानाची जागा मिळाली. राखणदार! मी सुतळीवर ताठ झालो. पहिला कोड आला तेव्हा मी असा थरथरलो की खिळा हलला. काकांनी चष्मा लावला, मला वाचलं, आणि कट्ट्याला पाठ टेकवून सबंध लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"चार शून्य नऊ, दोन दोन सात! हा कोड कोणालाही सांगू नका!"

मला ऐकताना चूक झाली असेल असं वाटलं. पण नाही. काका शिस्तीचे. आलेला निरोप पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, मध्येच सोडायचा नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे दर वेळी कोड, आणि कोडामागोमाग त्याच खणखणीत आवाजात 'कोणालाही सांगू नका'. एकच खातं असल्याने एकीने आत जावं तर दुसरा बाहेर फेकला जाई, की पुन्हा कोड, पुन्हा ओरडा. दिवसभर लिलाव चालल्यासारखं. दात घ्यायला आलेली गिऱ्हाईकं बाकावर बसून ऐकत. एकदा रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्याने हाक मारली, "काका, शेवटचा सात की नऊ?"

"सात!" काका म्हणाले. काका मनाने फार चांगले. तेच तर दुखणं.

कंपनी मला दुसरेही निरोप पाठवायची. 'तुमच्या माहितीची वेगळी प्रत ठेवण्याची सोय बंद आहे. ती चालू करणे ही खातेदाराची जबाबदारी आहे.' 'खात्यात आता कामावर नसलेल्या व्यक्ती आहेत का, तपासा.' मी प्रत्येक निरोपाला जीव तोडून थरथरलो. काका म्हणायचे, "यात आकडे नाहीत," आणि पुसून टाकायचे, कारण माझं पोट लहान, निरोपांनी लगेच भरतं, आणि मग कोड यायचा अडतो. मी ओरडू शकत नाही हो. थरथरू शकतो. या घरात थरथरणाऱ्याला कोण विचारतो.

आता ताई.

ताई शाळेत खेळाची शिक्षिका होती. गळ्यात निळ्या दोरीला शिट्टी. एकदा शर्यत चालू असताना एक पोरगा उलट्या दिशेने पळत सुटला आणि तोच पहिला आला म्हणून नाचायला लागला. ताई शिट्टी दातात धरूनच खदखदून हसली आणि तिच्या वरच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. पण त्या टवक्यातून तिला शिट्टीशिवाय शिट्टी वाजवता यायला लागली. आणि काय शिट्टी! ती मैदानात वाजली की पोरं रांगेत उभी राहत, मैदानावरची कबुतरंसुद्धा उंचीप्रमाणे उभी राहत. मी स्वतः बघितलेलं नाही, पण ऐकलंय ताईच्याच तोंडून, आणि ती खोटं बोलत नाही.

भाऊ दातांचा कारागीर. कितीदा म्हणाला, "ताई, ये ना, तो टवका भरून देतो."

"हात लावून बघ. माझी शिट्टी आहे ती."

मग ताईच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून उजव्या बाजूचे दात आणि टाळूचा तुकडा काढावा लागणार होता. तिथे पडलेलं भोक झाकायला दातांसकट एक प्लेट बसवायची, ती भावानेच करायची. टाळूला भोक असलं की खाल्लेलं नाकात जातं आणि बोललेलंही नाकातच जातं. बोलणं हाच जिचा जन्मभराचा धंदा तिचं हे. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कॅमेरा फिरवून तिच्या सगळ्या दातांचं चित्र घेतलं. तेच दात, तीच ठेवण, तोच टवका, जसंच्या तसं पुन्हा करता यावं म्हणून.

ऑपरेशनच्या आधी ती लॅबमध्ये आली. डिझाइनवालीने पडद्यावर तिला तिचेच दात दाखवले.

"अगंबाई, हा माझा टवका! टिल्लू, हा असाच ठेवायचा. सरळ केलास ना, तर आधी तुझे दात पाडीन आणि मग माझे घालीन."

"ताई, केसाएवढाही फरक पडणार नाही. सगळं वर आहे." बोट छताकडे.

तेवढ्यात मी थरथरलो. काकांनी चष्मा लावला. "सात सात तीन, शून्य एक आठ! हा कोड कोणालाही सांगू नका!"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, घराची किल्लीपण अशीच ओरडून देता का हो?"

"घराला कडी आहे, ताई."

"आणि याला?"

"याला क्लाउडवाले आहेत," मालक म्हणाला. "मोठी माणसं आहेत ती."

"ती मोठी माणसं तुझी कडी लावायला येणार आहेत का रे, टिल्लू?"

मालक हसला. त्याचं हसू असं की समोरचा विषयच विसरतो. ताई विसरली. मी विसरलो नाही. मी त्या दिवशी जागच्या जागी गोल फिरलो. काका म्हणाले, पंख्याचा वारा लागतोय.

ताईचं ऑपरेशन झालं. नीट झालं. जखम भरेपर्यंत तिला साधी तात्पुरती पट्टी लावली. ती बोलायची, पण शब्द नाकातून विरघळून बाहेर पडत, आणि ती चिडून गप्प व्हायची. शेवटी ती मला निरोप पाठवायला लागली. भावाचा हाच नंबर तिला पाठ. 'टिल्लू, दात कधी?' 'टिल्लू, लापशीचा कंटाळा आला.' 'टवका विसरू नकोस.' हे निरोप मात्र मी आनंदाने पोचवले. काकाही ते पुसत नसत.

आणि मग तो फोन आला.

दिवसाउजेडी, गर्दीच्या वेळी. सुरेख, मऊ आवाज. "क्लाउडच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमच्या खात्यात आत्ता कोणीतरी घुसायचा प्रयत्न करतंय. घाबरू नका, आम्ही थांबवतो. आता एक कोड येईल, तेवढा सांगा."

काका घाबरले. त्यांना कोणी 'घाबरू नका' म्हटलं की ते घाबरतात. मी त्यांच्या कानाशी होतो. माझ्याच पोटात कोड येऊन पडला. मी थरथरलो, तापलो, गरगरलो. काकांचा कान भाजला असेल. काकांनी मला कानापासून दूर धरलं, चष्मा लावला, वाचलं, आणि मला तोंडाशी धरून म्हणाले: सहा आकडे, आणि मग, रीतसर, "हा कोड कोणालाही सांगू नका."

पलीकडून तो मऊ आवाज म्हणाला, "हो हो, काका, नाही सांगत."

आणि फोन ठेवला.

लोक म्हणतात, चोर भिंत फोडून येतात, रात्री येतात, तोंड झाकून येतात. आमचा चोर बेल वाजवून आला, काकांनी दार उघडलं, आणि वर पाणी विचारलं. पासवर्ड? तो तर पाटीवर अर्धा लिहिलेलाच होता.

थोड्या वेळाने डिझाइनवाली ओरडली, "काका, बाहेर फेकलं मला! कोड!"

"आला नाही."

"अहो आला असेल, बघा ना."

सगळे माझ्याभोवती जमले. मी गप्प. माझ्याकडे काहीच येत नव्हतं. त्या माणसाने आत शिरून पहिलं काम काय केलं, तर कोड येण्याचा नंबर बदलला. राखणदाराला नोकरीवरून काढलं, आणि मालकाला पत्ताही नाही. मला हलवलं, आपटलं, फुंकरी मारल्या. "याचीच बॅटरी गेली," मालक म्हणाला, आणि त्याने मला नवी बॅटरी आणून घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही आणलं, तेही भलत्याच वेळी.

मग संगणकावर चिठ्ठी उमटली: सगळं आमच्याकडे आहे, परत हवं तर पैसे द्या. मालक तिथेच स्टुलावर बसला. स्टूल कुरकुरलं. त्याने लगेच कंपनीला फोन लावला. पाटीवरचा नंबर तोच आपला म्हणून माझ्यावरूनच लावला, आवाज मोठा करून.

पलीकडची बाई शांत होती. "सर, तुम्ही बोलताय तो नंबर या खात्याशी जोडलेला नाही."

जन्मभराची चाकरी, आणि हे वाक्य माझ्याच तोंडून मला ऐकावं लागलं.

"अहो, माझंच खातं आहे! चोरी झालीय! तुमचे पहारेकरी काय करत होते?"

"सर, आमच्याकडे काहीच फुटलेलं नाही. इमारत, यंत्रं, वीज, पहारा, हे आमच्याकडे. ते शाबूत आहे. पासवर्ड काय ठेवायचा, आत कोणाला घ्यायचं, कोड कोणाला द्यायचा, हे तुमच्याकडे. योग्य पासवर्ड आणि योग्य कोड घेऊन आलेल्या माणसाला आम्ही चोर कसं म्हणणार?"

"बरं, तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?"

"प्रत ठेवण्याचं बटण तुमच्या बाजूला होतं, सर. ते बंद होतं. आम्ही निरोप पाठवले होते."

"कोणाला?"

"नोंदवलेल्या नंबरावर."

मालकाने माझ्याकडे बघितलं. काकांनी छताकडे.

त्या बाईने पुढे मदत केली, खोटं कशाला बोलू. कागदपत्रं मागितली, ओळख पटवली, आणि खातं परत मिळवून दिलं. माझा नंबरही पुन्हा लागला. पण तोवर आतलं सगळं पुसलेलं होतं. जाता जाता चोराने घर झाडून नेलं होतं. बाकी गिऱ्हाइकांचं निभावलं. त्यांची तोंडं जागेवर होती, पुन्हा कॅमेरा फिरवता आला. ताईचे दात मात्र आता जगात कुठेच नव्हते.

मालकाने ताईच्या डॉक्टरांना फोन केला. "तुमच्याकडे ते चित्र असेल ना?"

"तुम्हाला पाठवलं आणि आमच्याकडचं काढून टाकलं. तुमच्याकडे क्लाउड आहे म्हणालात ना?"

काय माणसं आहात हो तुम्ही! हा म्हणतो तो बघेल, तो म्हणतो हा बघेल, आणि ज्याला दिसत होतं त्याला तुम्ही खिळ्याला टांगलेलं!

संध्याकाळी ताईचा निरोप आला. 'टिल्लू, झाले का दात?' मालकाने वाचला आणि माझं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा: 'बोलत का नाहीस? बोलता मला येत नाही, तुला येतं ना?' मालकाने मला खिळ्यावरून काढून खणात ठेवलं. खणातूनही मी थरथरत राहिलो. खण, त्यावरचं टेबल, टेबलावरचे दात, सगळं किटकिट वाजायला लागलं.

शेवटी तीच आली. तोंडाला रुमाल, डोळे मात्र शाळेतलेच. मालक उभा राहिला, पाचवीतल्या पोरासारखा. त्याने सगळं सांगितलं. चोर, चिठ्ठी, कंपनीची बाई, डॉक्टर, एकेकाला पुढे करत गेला. ताई ऐकत राहिली. मग तिने खणातून मला बाहेर काढलं, माझ्यावर टाइप केलं आणि मला त्याच्यासमोर धरलं.

'कडी कोणाची होती?'

मालकाचं बोट सवयीने वर निघालं होतं. ते छातीशी येऊन थांबलं.

"माझी," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग माझ्यावर दुसरं वाक्य लिहिलं: 'आता कर काहीतरी.'

फोटोवरून करू, असं ठरलं. ताईचे अल्बम आले. शाळेची पटांगणं, बक्षीस समारंभ, सहली. आणि प्रत्येक फोटोत ताईच्या तोंडात शिट्टी! एका फोटोत शिट्टी नव्हती तर टवक्यापुढे बक्षिसाचा पेला. टवका उजव्या दाताला होता की मधल्या, यावरून काका आणि मालक हमरीतुमरीवर आले. डिझाइनवाली म्हणाली, "आडवा होता." काका म्हणाले, "तिरपा, काल बघितल्यासारखं आठवतंय मला." ताईने स्वतःच्या जिभेने आठवायचा प्रयत्न केला, पण जीभ ज्या कडेवर जायची ती कडाच नव्हती.

तरी मालकाने प्लेट केली. दिवसेंदिवस कट्ट्यावर वाकून, दुसरं काम बाजूला ठेवून. ताईला बसवली. ती बसली नीट.

"बोल ना, ताई. स म्हण. साखर म्हण."

ताईने ओठ मिटले, उघडले. "साखर," ती म्हणाली. स्वच्छ, नाकाचा लवलेश नाही. "सायकल. सासू. सटवा मेला तो चोर!"

काका ढसाढसा रडले, आणि रडता रडता म्हणाले, "आता शिट्टी!"

तिने फुंकलं. फुस्स. मालकाने प्लेट काढून घेतली, कानशीने दाताचा कोपरा जरा घासला, परत दिली. फुस्स. पुन्हा घासला. पुन्हा फुस्स. तो घासत राहिला, ती फुंकत राहिली, आणि शेवटी तिनेच त्याचा हात धरला. "पुरे. दात संपेल."

शिट्टी आली नाही. दात तिचे नव्हते, दिसायला बरे होते एवढंच.

त्यानंतर लॅबमध्ये सुधारणा झाल्या. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. जुन्या माणसांची नावं काढली. त्यात नोकरी सोडून गाडी शिकवायला लागलेला एक जणही निघाला, जो अजूनही हवं तेव्हा वर जाऊ शकत होता. माहितीची वेगळी प्रत चालू केली. हे सगळं ताई रोज येऊन करवून घ्यायची. मी खिळा कायमचा सोडला आणि शिट्टीच्या त्या निळ्या दोरीला, ताईच्या गळ्यात गेलो. सुखाचे दिवस होते.

तेवढ्यात एक नवा डॉक्टर लॅब बघायला आला. "आमच्या पेशंटची माहिती तुमच्याकडे सुरक्षित राहील ना?"

"अगदी!" मालक हसला. बोट वर गेलं नाही. बोट ताईकडे गेलं. "ताई बघते सगळं."

देवा! मी त्या दोरीवर उलटा झालो. ते बघायचं काम छतावरून खाली उतरवायला एवढं रामायण झालं, आणि याने ते पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घातलं!

ताई उठली. तिने दोरी गळ्यातून काढली, भावाच्या मोठ्या डोक्यावरून कशीबशी खाली ओढली आणि मला त्याच्या छातीवर नीट सरळ केलं, स्पर्धेनंतर पदक सरळ करतात तसं.

"तुझा धंदा, तुझी कडी," ती म्हणाली. सगळे शब्द स्पष्ट. "मी इथे दात घ्यायला आले होते, टिल्लू. नोकरीला नाही."

तेव्हापासून मी इथे आहे, मालकाच्या पोटाच्या वरच्या कडेला. तो चालला की मी उसळतो, तो बसला की मी आडवा होतो. परवा पुन्हा एक मऊ आवाज आला. सुरक्षा विभाग, घाबरू नका, कोड येईल. कोड आला. मी थरथरलो. कट्ट्यावरून काका सवयीने ओरडले, "मालक, आला ना? ओरडा की!"

मालकाने माझ्यावर तळहात ठेवला. माझा पडदा कोणी झाकण्याची ही जन्मातली पहिली वेळ.

"नाही सांगत," तो माझ्यातून पलीकडच्याला म्हणाला. मग काकांकडे वळून, "तुम्हालाही नाही."

आता माझं एक गाऱ्हाणं ऐका आणि मला मोकळं करा. माझी ती नवी बॅटरीही आता फुगलीय. पाठीचं झाकण बसत नाही, मालकाने त्याला दोन रबर लावलेत. एक दिवस मी बंद पडणार, आणि सगळ्या कड्या अजून माझ्याच नंबरावर आहेत. मालक म्हणतो, पुढच्या आठवड्यात बघू. तुमच्याही भिंतीवर, खणात, खिशात असा कोणी थरथरत असेल. तो काय म्हणतोय ते शेवटपर्यंत वाचा. ओरडू मात्र नका.

ताई अजून चहाच्या वेळेला येते. कप खाली ठेवते, ओठ जुळवते आणि एकदा फुंकून बघते. फुस्स होतं. काका कट्ट्याकडे बघतात, डिझाइनवाली पडद्याकडे. आणि मालकाचा हात आपोआप छातीवर येतो, मी आहे ना हे चाचपून बघतो.